उसना सूर आणि डावा हात

प्रसिद्ध गवयाची नक्कल करणारे लोक आपल्यांत थोडे नाहींत. गवयाचा आवाज, त्याच्या हातवाऱ्यांची ढब, समेवर येतांना मान उडविण्याची लकब, एवढें सारें ते हुबेहुब उचलतात. श्रोते हंसतात, टाळ्या वाजवितात. आणि घटकाभरानें कोणाच्याहि ध्यानांत कांहीं राहत नाहीं. याच्या उलट, त्याच गवयापाशीं दहा वर्षें बसलेला शिष्य गाऊं लागला म्हणजे त्याचा गळा अगदीं निराळा असला तरी जाणता श्रोता दोन आलापांतच त्याची तालीम ओळखतो. नक्कल आणि तालीम यांतील हें अंतर आमच्या वाचकांस नवें नाहीं. परंतु विजेवर चालणाऱ्या वाद्यांसहि तेंच लागू पडतें, असें आम्हीं म्हटलें तर कित्येकांस नवल वाटेल. तेथें सूर यंत्राचा. मग यंत्र तेंच असलें कीं सूर तोच, असा सामान्य समज आहे. तो समज कितपत खरा आहे, हें पाहण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला.

गेल्या दिवाळींत आम्ही एका जुन्या स्नेह्यांकडे गेलों होतों. त्यांच्या चिरंजीवांनीं नवा कीबोर्ड घेतला होता. त्यांत शेंकडों तयार ध्वनि भरलेले. बटण दाबावें आणि हवा तो निवडावा. चिरंजीव लहानपणीं पेटी शिकलेले, आणि अलीकडे १९७० नंतरच्या अमेरिकन जॅझ-फ्यूजनचे मोठे भक्त. एका बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "काका, ऐका. हा १९७३ सालचा सूर." आणि खरोखरच तो १९७३ सालचा होता! तोच किंचित् अनुनासिक, तोच गोल बुडाचा आणि धारदार टोकाचा. पहिला स्वर ऐकून आम्ही सांवरून बसलों. परंतु दहा स्वर झाले, वीस झाले, आणि आमचें लक्ष फराळाच्या ताटाकडे वळलें. चिरंजीव स्वतःच थांबले व म्हणाले, "आवाज तोच आहे, काका, पण तें येत नाहीं." हें "तें" म्हणजे काय, याचा शोध करण्यांत आम्हां दोघांच्या पुढच्या चार संध्याकाळी गेल्या.

हा सूर मूळचा कोठला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाची 'बिचेस ब्रू' ही ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. तींत विजेचा पियानो, विजेची गिटार आणि रॉक संगीताचा ठेका हीं सरळ जॅझच्या माजघरांत येऊन बसलीं. त्या मुद्रणांत वाजविणाऱ्यांपैकीं तिघांनीं पुढें आपापले वृंद काढले. जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा महाविष्णु ऑर्केस्ट्रा, जो झाविनुल यांनीं वेन शॉर्टर यांच्यासह स्थापिलेला वेदर रिपोर्ट, आणि चिक कोरिया यांचा रिटर्न टु फॉरएव्हर. या मिश्र संगीतास फ्यूजन हें नांव पडलें.

या नव्या मेळाव्यांत पियानोवाल्याची मोठी पंचाईत झाली. गिटारवाला तार ओढून स्वर वर चढवी, त्यास रडवी, किंचाळवी, आणि विजेच्या बळावर वाटेल तितका वेळ टिकवी. पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडतांच विझूं लागतो. तो वांकवितां येत नाहीं, फुगवितां येत नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें दहा बोटांची साधना केली, त्यास एका तारेवर एक बोट फिरविणाऱ्यापुढें मुकें बसावें लागलें.

ही पंचाईत सोडविण्याचें साधन रॉबर्ट मोग या अमेरिकन अभियंत्याच्या कारखान्यांतून आलें. (त्यांचें आडनांव पुष्कळ लोक 'मूग' असें उच्चारतात, ते स्वतः 'मोग' म्हणत.) मिनीमोग हें वाद्य १९७० सालीं बाहेर पडलें. त्यास ४४ पट्ट्या, स्वर उत्पन्न करणारे तीन ऑसिलेटर, त्या स्वराचे वरचे तीक्ष्ण अंश गाळणारा एक फिल्टर, आणि डाव्या अंगास दोन चाकें. एका वेळीं एकच स्वर निघे. दोन पट्ट्या दाबल्या तर खालची बोले. ती सुटेपर्यंत वरची गप्प. पहिली पट्टी न सोडतां दुसरीवर गेलें तर स्वर बदले, परंतु नवा आघात होत नसे, जणूं एकाच श्वासांत गायकानें दोन स्वर जोडले. पहिल्या चाकानें स्वर वर-खालीं सरके. आणि त्या चाकास स्प्रिंग नसल्यामुळें हात काढला तरी तें ठेवलें तेथेंच राही. पियानोवाल्याच्या दृष्टीनें पाहतां हें वाद्य दरिद्रीच म्हणावें लागेल.

परंतु आमच्या वाचकांनीं या दारिद्र्याकडे पेटीच्या बाजूनें पाहावें. पेटीवरचा मुख्य आक्षेप कोणता? तिला मींड नाहीं. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला मुकी आहे. याच व अशाच आक्षेपांपायीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस दार लावलें, आणि तें पुढें सुमारें तीन दशकें लागलेलेंच राहिलें. मिनीमोगच्या चाकानें पट्टीच्या वाद्यास मींड दिली. उजव्या हातानें स्वर निवडावा आणि डाव्यानें तो गावा, अशी दोन हातांची कामवांटणी झाली. पेटीवर डावा हात भाता हालवितो, म्हणजे छातीचें काम करतो. येथें तो गळ्याचें काम करूं लागला.

हें ज्यानें सर्वांत पूर्णपणें ओळखलें तो वादक म्हणजे महाविष्णु ऑर्केस्ट्रांतील यान हॅमर. हे १९४८ सालीं प्राग शहरीं जन्मले. त्यांच्या मातोश्री जॅझ गायिका होत्या, आणि अमेरिकेंत आल्यावर हॅमर यांनीं सारा व्हॉन या थोर गायिकेची साथ केली. घरांत आणि व्यवसायांत ज्यानें गळा इतक्या जवळून ऐकला, त्यानें यंत्राकडून गळ्याचीच अपेक्षा केली, यांत आश्चर्य नाहीं. १९७३ सालची 'बर्ड्स ऑफ फायर' ही ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकावी. हॅमर स्वरावर सरळ क्वचितच उतरतात. ते किंचित् खालून निघतात, स्वर गांठतात, तेथें क्षणभर निश्चल राहतात, आणि मग चाकावरच्या हातानें त्यास आंदोलन देतात. तें आंदोलन सुरुवातीस मंद असतें, पुढें जलद होतें. वाक्य संपतांना स्वर हातांतून निसटल्यासारखा खालीं घसरतो. मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, जेरी गुडमन यांचें व्हायोलिन आणि हॅमर यांचें यंत्र यांचे सवालजबाब चालतात, तेव्हां कोणता स्वर तारेचा आणि कोणता विजेचा हें सांगतांना चांगले चांगले फसतात. १९७५ सालच्या 'द फर्स्ट सेव्हन डेज' या आपल्या तबकडीच्या वेष्टनावर, तींत गिटार मुळींच नाहीं, असा खुलासा हॅमर यांस करावा लागला. दोषहि सांगितला पाहिजे. या सवालजबाबांत वेगाची चढाओढ कधीं कधीं इतकी होते कीं सांगण्यासारखें कांहीं उरलेलें नसतांहि तिघे बोलतच राहतात. परंतु हॅमर यांचा एक लांब, एकटा स्वर ऐकावा. त्यांत वेगाची सारी भरपाई होते.

आतां हेंच मिनीमोग चिक कोरिया यांच्या हातीं पाहावें. १९७६ सालच्या 'रोमँटिक वॉरियर' मध्यें त्यांचे स्वर आंखूड, स्वच्छ आणि चपळ आहेत. ते पियानोवालेच राहिले. चाकाचा उपयोग ते वाक्याच्या शेवटीं लहानशी मुरकी घ्यावी तितकाच करतात. यंत्र तेंच, वर्षें जवळजवळ तींच. परंतु हॅमर कोणता आणि कोरिया कोणता हें सांगण्यास फार मोठ्या कानाची गरज नाहीं. "यंत्र तेंच तर सूर तोच" या समजाचें खंडन याहून सोप्या रीतीनें होणार नाहीं.

तिसरें उदाहरण झाविनुल यांचें. व्हिएन्नाच्या या वादकाचें पहिलें वाद्य अकॉर्डियन, म्हणजे आपल्या पेटीचीच बहीण. त्यांनीं आर्प २६०० हा सिंथेसायझर पत्करला, आणि 'ब्लॅक मार्केट' (१९७६) या रचनेसाठीं त्याच्या पट्ट्यांचा क्रमच विद्युद्योजनेनें उलटा केला. उजवीकडे जावें तों स्वर खालीं उतरे. असें करण्याचें कारण आम्हांस उघड दिसतें. बोटांना वर्षानुवर्षें जी सवय जडलेली असते, ती मनाच्या आधीं धांवते. झाविनुल यांनीं ती वाटच बंद केली. बोटें अडलीं, आणि मनास पुढें यावें लागलें. ज्या अडचणी मिनीमोगनें इतरांवर आपोआप लादल्या, तशीच एक अडचण या वादकानें स्वतःहून मागून घेतली.

आतां आजच्या कीबोर्डाकडे येऊं. त्याच्या कर्त्यांवर आम्ही अन्याय करूं इच्छीत नाहीं. जुन्या यंत्रांचा नाद आज दोन मार्गांनीं परत आणतात. एक, मूळ नादाचें मुद्रण करून तो पट्ट्यांवर बसवावयाचा. दुसरा, मूळ विद्युन्मंडळांचें वर्तन गणितानें मांडून तें संगणकाकडून करवून घ्यावयाचें. दोन्ही मार्ग, आणि विशेषतः दुसरा, आज थक्क करणाऱ्या पूर्णतेस पोंचले आहेत. ऑसिलेटर तापल्यावर स्वर किंचित् ढळत असे, तो दोषसुद्धां गणितांत धरतात. ज्यांस मूळ वाद्यच हवें त्यांचीहि सोय झाली. १९८१ सालीं ज्याचें उत्पादन थांबलें तें मिनीमोग २०१६ मध्यें आणि पुन्हां २०२२ मध्यें मोग यांच्याच नांवाच्या कारखान्यानें बाहेर काढलें.

मग उणें कोठें राहिलें? आम्हांस तें नादांत सांपडलें नाहीं. नाद ज्या हातांतून जातो त्या वाटेवर सांपडलें. चिरंजीवांच्या कीबोर्डाची तपासणी करतां पुढील गोष्टी दिसून आल्या. तयार ध्वनींत अनेक स्वर एकदम वाजण्याची मोकळीक होती. म्हणून एक स्वर दुसऱ्यास वाट न देतां त्याच्यावर चढून बसे. स्वर सरकविण्याच्या चाकाची धांव, बहुतेक कीबोर्डांवर आरंभीं असते तशी, दोनच अर्धस्वर होती. मींड म्हणावी तर ती उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येई. चाकास स्प्रिंग होती. हात ढिला पडतांच तें मध्यावर उडी घेई. कंप यंत्रानें स्वतःच घातलेला. प्रत्येक स्वरावर त्याच वेगाचा, त्याच मापाचा. आणि या सर्वांवर रिव्हर्बचें असें दाट धुकें पसरलेलें कीं वाक्य संपलें केव्हां हेंच कळूं नये. थोडक्यांत, डाव्या हातास करण्यासारखें कांहींच ठेवलें नव्हतें. म्हणूनच तो बिचारा दिवाळीच्या दिवशीं गुडघ्यावर स्वस्थ पडून होता!

पहिल्या संध्याकाळीं आम्हीं एवढेंच केलें: एका वेळीं एकच स्वर, खालच्या पट्टीस मान, आणि जोडलेल्या स्वरांवर नवा आघात नाहीं, या तीन जुन्या अटी यंत्रावर परत लादल्या. ताबडतोब चिरंजीव चुकूं लागले. त्यांचें बोट सुटण्यास क्षणाचा उशीर झाला कीं वरचा स्वर मुका राही. ते वैतागले, परंतु तासाभरांत त्यांच्या बोटांत एक नवा नीटनेटकेपणा आला.

दुसऱ्या संध्याकाळीं चाकाची धांव पांच अर्धस्वरांपर्यंत वाढविली. धांव वाढली कीं जबाबदारीहि वाढते. केसभर हात हालला तरी स्वर बेसूर होतो. चिरंजीवांस येथें आपली पेटीच्या वेळची तालीम आठवली. त्यांनीं तानपुऱ्याचें यंत्र लावलें, आणि सा दाबून चाकानें रे गांठावयाचा, तेथें स्थिर राहावयाचें व परत यावयाचें, असा पलटा सुरूं केला. स्प्रिंग हात मागें ओढी. तिच्याशीं झगडून स्वर जागीं धरावा लागे. पुढें त्यांनीं गांधारावरून मध्यमाकडे जाणारी मींड धरली. एवढ्या एका मींडेवर संध्याकाळ संपली. मातोश्री आंतून विचारत्या झाल्या, "अरे, आज कांहीं वाजवणार आहेस कीं नुसतें यंत्र जुळवतोयस?" त्यांस काय ठाऊक कीं प्रथमच कांहीं वाजूं लागलें होतें!

तिसऱ्या दिवशीं आपोआप होणारा कंप काढून टाकला, रिव्हर्ब जवळजवळ बंद केला. धुकें ओसरतांच प्रत्येक उणीव उघडी पडली. स्वर ठरण्यापूर्वींच आंदोलन सुरूं होई. वाक्यांत श्वास नव्हता. हात थांबण्यास भीत होता. आम्हीं त्यांस सुचविलें कीं प्रत्येक वाक्य आधीं गुणगुणावें, आणि गळ्यास जेथें दम घ्यावा लागेल तेथें बोटानेंहि पट्टी सोडावी.

चौथ्या संध्याकाळीं, कदाचित् अर्ध्या मिनिटापुरतें, "तें" आलें. एक लांब स्वर खालून निघाला, जागीं बसला, थांबला, मग थरथरला; आणि आम्ही दोघेहि बोललों नाहीं. वाजवून झाल्यावर चिरंजीवांचें लक्ष कीबोर्डाच्या पडद्याकडे गेलें. १९७३ सालचा तयार ध्वनि त्या वेळीं लावलेलाच नव्हता. अटी नीट लादतां याव्यात म्हणून त्यांनीं आदल्या दिवशीं दोन साध्या ऑसिलेटरांवर आणि एका अर्धवट उघड्या फिल्टरवर स्वतः एक अनामिक ध्वनि बांधला होता. तोच चालूं राहिला होता. ज्या नांवासाठीं पैसे मोजले तें नांव पडद्यावर नव्हतें, आणि जें हवें होतें तें मात्र खोलींत होतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. कोणी म्हणेल, जुन्या यंत्राच्या अडचणी या निव्वळ अडचणी होत्या. त्या काळीं एकाच स्वराचें यंत्र परवडे म्हणून तें केलें. आज शंभर स्वर मिळत असतां हात बांधून घेण्यांत कसला पुरुषार्थ? शिवाय ते थोर वादक स्वतः कोठें तेथें थांबले? झाविनुल अनेक स्वरांचीं यंत्रें मिळतांच तीं वापरूं लागले. हॅमर यांनीं पुढें 'मायामी व्हाइस' या मालिकेसाठीं नव्या संगणकी वाद्यांच्या साह्यानें जें संगीत केलें, त्याची शीर्षकधून १९८५ सालीं अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत पहिली आली. गुरु पुढें गेले असतां शिष्यानें त्यांची जुनी चूल फुंकीत कां बसावें?

आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांस मान्य आहे. १९७३ सालचा सूर हा मुक्कामाचें गांव करूं नये. त्यांत घर बांधणारा फार तर चांगला नक्कलकार होईल. परंतु पूर्वार्ध मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं. हॅमर आणि झाविनुल पुढें गेले ते हात तयार करून गेले. आजचा तरुण हात तयार होण्यापूर्वींच त्यांनीं गांठलेला शेवटचा नाद विकत घेतो. एकाच स्वरावर निभावून नेण्याची पाळी आल्यावांचून त्या स्वरांत किती वाटा आहेत हें कोणासहि कळत नाहीं. आपल्याकडे खर्ज भरावयास लावणाऱ्या गुरूस शिष्याचा गळा तीन सप्तकांत फिरतो हें माहीत नसतें काय? तरीहि तो महिनेच्या महिने त्यास एका षड्जावर बसवितो. ती बंदी कायमची नसते. ती उठेल तेव्हां तिच्यांतून घेतलेला गुण उरावा एवढाच तिचा हेतु.

वाद्यें करणारांसहि आमची एक सूचना आहे. जुन्या सुरांचीं पाटी लावलेलीं दुकानें त्यांनीं खुशाल मांडावीं. परंतु त्या ध्वनीबरोबर त्याचे निर्बंधहि भरून द्यावेत, आणि तयार कंप व दाट रिव्हर्ब हीं आरंभीं बंद ठेवावींत. ग्राहक पहिल्या दिवशीं नाराज होईल हें खरें. दुकानांत उभ्या उभ्या एक पट्टी दाबून पाहणाऱ्यास खूष करणें हेंच ज्यांचें ध्येय असेल त्यांस ही सूचना रुचणार नाहीं. परंतु घरीं रोज दोन तास बसणारासाठीं जे वाद्य करतात त्यांनीं तिचा विचार करावा.

परवां चिरंजीव पुन्हां भेटले. कीबोर्डाविषयीं विचारतां म्हणाले, "अजून तीच मींड चालूं आहे, काका. कधीं येते, कधीं नाहीं." माळ्यावरची जुनी पेटी त्यांनीं खालीं काढली आहे, सकाळीं तिच्यावर सूर पक्का करतात आणि मग चाकाकडे वळतात. १९७३ सालच्या सुराचें काय झालें, असें आम्हीं विचारलें. ते हंसले. तें बटण कोणतें होतें हें त्यांस आतां चटकन् आठवत नव्हतें.